टिटवी कुठं बघत होती

तुम्ही आलात ते जनावराचा चांगला फोटो कशानं होतो हे विचारायला, आणि मी सुरू करणार वडलांपासून, त्याला इलाज नाही ताई, कारण सगळं तिथूनच येतं. वडील नागपूरचे. सरकारी कचेरी भोपाळला हलली तशी फायलींच्या मागं मागं तेही आले. मी इथंच जन्मलो, इथंच कारखान्यात टेक्निशियन म्हणून लागलो, इंद्रपुरीत राहिलो. घरात मराठी, पण दाराबाहेर पाय टाकला की हिंदी, आणि होता होता घरातलीही अर्धी हिंदीच होऊन बसली. आमच्यात खोली खाली आहे म्हणजे खोली रिकामी आहे. रिकामी हा शब्द आम्हाला पुस्तकातला वाटायचा. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

बायको केली ती साताऱ्याची. वसुधा. तिचं मराठी एकदम सरळ, तिथल्यासारखं, आणि हिंदी म्हणाल तर शून्य. लग्नाला महिनासुद्धा झाला नसेल, शेजारच्या शर्माभाभी भाडेकरूची चौकशी करायला आल्या, म्हणाल्या, बहू, ऊपर का कमरा खाली है क्या. वसुधा विचारात पडली, मग मोठ्या नम्रपणे म्हणाली, नहीं जी, ऊपर का कमरा ऊपर है. काय सांगू तुम्हाला, भाभी तिथंच पायरीवर बसून हसल्या, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं. पुढं कितीतरी वर्षं होळी आली, दिवाळी आली, की कुणीतरी विचारणारच, क्यों भाभी, ऊपर का कमरा आजकल किधर है. तीही मग कमरेवर हात ठेवून म्हणायची, ऊपर ही है, आप संभलके चढ़िए. आमच्या घरचा विनोदच होता तो. मी तो शंभर जणांना सांगितला असेल. शंभर जणांना, ताई. म्हणजे हा शब्द तिच्या तोंडी काय होता हे मला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही.

मूलबाळ झालं नाही आम्हाला. ते सोडा. मग मला कॅमेऱ्याचा नाद लागला. शनिवारची पाळी सुटली की रविवारी पहाटे कलियासोत नदीच्या काठावर. वसुधा सोबत यायची, डब्यात पोहे, छत्री, पाण्याची बाटली. मी म्हणायचो, तू काहून येतेस, कंटाळतेस. ती म्हणायची, तुम्ही पाखरं बघा, मी तुम्हाला बघते, कुणीतरी बघायला नको का, पोटावर सरपटता त्या पाणदिवडासारखे.

सरपटावंच लागतं. लोकांना वाटतं महागडी लेन्स घेतली की झालं. नाही हो. जनावर उभ्यानं, वरून टिपलं की ते कागदावरच्या डागासारखं दिसतं. त्याच्या उंचीला उतरलात, छाती मातीला लावलीत, तर ते माणसासारखं समोर येतं. डोळा स्वच्छ पाहिजे. डोळ्यात उजेडाचा एक ठिपका पाहिजे, तो नसला तर जिवंत जनावरही मेलेलं दिसतं. आणि ते काहीतरी करताना पाहिजे, नुसतं बसलेलं नको. हे सगळं मी पोरापोरींना शिकवत आलो. आणि उदाहरण द्यायचो तो हा, हा भिंतीवरचा. टिटवीचा.

बघितलात ना? पंख दोन्हीकडे पसरलेले, चोच उघडी, डोळ्याभोवतीचं लाल कडं, आणि बुबुळात तो ठिपका. शहरातल्या प्रदर्शनात पहिला आला. परीक्षक म्हणाले, या पाखराच्या डोळ्यात आई आहे. मीही मग त्याचं नाव मातृत्व ठेवून दिलं. लोक समोर उभे राहायचे, म्हणायचे, काय हिंमत, अंड्यांसाठी माणसाला आडवी आली.

वैशाखातली सकाळ होती. टिटवी घरटं बांधत नाही, तुम्हाला माहीत असेल, उघड्या मुरमात नखानं खळगा करते आणि चार अंडी घालते, अगदी खड्यांच्या रंगाची. उभ्या माणसाला मुश्किलीनं दिसतात, आणि जमिनीला गाल लावलेल्याला तर दिसतच नाहीत. मी सरपटत होतो, ती समोर आरडाओरडा करून राहिली होती. वसुधा मागं छत्री घेऊन उभी. तिथं पिकनिकवाले बाटल्या फोडून जातात, म्हणून मी डोळा कॅमेऱ्यातून न काढता म्हणालो, बघ गं पुढं, काच-बिच आहे का. आणि ती ओरडली, अहो, खाली आहे! खाली आहे! थांबा!

मी पुढं सरकलो. कोपरं रोवली आणि बटण दाबलं.

कोपराला ओलं लागलं. बस, एवढंच. उठून बघितलं तर दोन फुटली होती, एकात पिल्लू बनत आलं होतं, आणि तिसऱ्याला तडा गेला होता. वसुधा छत्री टाकून धावत आली आणि गुडघ्यावर बसली. आणि मी काय बोललो माहीत आहे? मी म्हणालो, तूच म्हणालीस ना खाली आहे. मला वाटलं, मोकळं आहे.

तिनं छत्री उचलून मिटली. मग म्हणाली, हो, मीच म्हणाले.

त्यानंतर ती कधी कलियासोतला आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. पण ते नाही. तिनं तो शब्दच सोडून दिला, ताई. चाव्या पडल्या तर म्हणायची, चाव्या जमिनीवर आहेत. कढई ओट्याच्या खाली असायची तर म्हणायची, ओट्याच्या पोटात बघा. बस्करावर बसा, म्हणायची, खाली बसा म्हणायची नाही. साताऱ्याची बाई, लहानपणापासूनचा शब्द, तो तोंडातून काढून टाकला. आणि गल्लीतलं कुणी गमतीनं विचारलं, भाभी, ऊपर का कमरा, तर नुसती हसायची आणि आत जायची. मला हे पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मी बोललो नाही. मी मातृत्वाला फ्रेम करून आणली.

मग आम्ही इकडे बाग सेवनियाला घर बांधलं, गच्चीवर एक खोली काढली, तिथं ती पाखरांना परळात पाणी ठेवायची. टिटवी ओरडत गेली की खिडकी लावून घ्यायची. आपल्यात टिटवीचं ओरडणं अशुभ मानतात, मी मनाला समजवायचो की त्यामुळे लावत असेल.

गेल्या थंडीत ती गेली. दवाखान्यातून घरी आणली होती, बोलणं तुटक झालं होतं. एका दुपारी मी पेज भरवत होतो. म्हणाली, अहो, मी अंडी म्हणायला हवं होतं. मला कळेना, म्हटलं कसली अंडी. म्हणाली, त्या दिवशी. नुसतं अंडी म्हणाले असते तर तुम्ही थांबला असतात, खाली काय म्हणत बसले.

तेव्हा तरी सांगायला पाहिजे होतं, ताई. चमचा हातात होता, ती समोर होती, दोन वाक्यांचं काम होतं. की वसुधा, मला बरोबर कळलं होतं. तू थांबा म्हणालीस तेही ऐकलं होतं. त्याच क्षणाला त्या पाखराच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका आला होता आणि मला एक वीत पुढं जायचं होतं, म्हणून मी तुझा शब्द माझ्या सोयीनं हिंदीत ऐकला. एवढंच सांगायचं होतं. आणि मी काय म्हणालो, तर म्हणालो, जाऊ दे आता, होतं असं. जणू मीच तिला माफ करून राहिलो होतो. चौथ्या दिवशी गेली.

तर चांगला फोटो कशानं होतो, हे आता लिहून घ्या. तो डोळा बघा नीट. लोक म्हणतात ती माझ्या डोळ्यात डोळा घालून बघते आहे. नाही. मी इतक्या वर्षांत हजारदा बघितलं आहे, तिची नजर माझ्या तोंडावर नाहीच, जराशी उतरलेली आहे. ती माझ्या कोपराकडे बघते आहे. म्हणून तो फोटो तसा झाला. कला नाही त्यात काही.

परवा एक नवराबायको आले होते, नवीन लग्न झालेले, भाड्यानं जागा शोधत. फाटकातूनच मुलीनं विचारलं, अंकल, ऊपर का कमरा खाली है क्या. मी हो म्हणायला तोंड उघडलं. काय हरकत होती, खोली पडूनच आहे, परळसुद्धा कोरडं पडलं आहे. पण माझ्या तोंडून निघालं, नहीं बेटा, ऊपर का कमरा ऊपर है.

ती दोघं एकमेकांकडे बघत राहिली. हसलं कुणीच नाही. मग सॉरी अंकल म्हणाली आणि गेली. सुखात राहोत.