झाडाखालची गाडी

“‘आधी गाडीचं नाक बघ, मगच पोट उघड,’ असं आमचे उस्ताद सांगायचे, काका.”

गॅरेजच्या बाकावर मी जप करत बसले होते. मेकॅनिक आणि एक म्हातारे गृहस्थ शेजारीच बोलत होते.

“अहो, पण एसीत दोनदा गॅस भरून घेतला मी!”

“जखम मांडीला नि मलम शेंडीला! हा फिल्टर बघा, पाल्यानं गच्च भरलाय. हवा येणार कुठून? गाडी झाडाखाली लावता ना?”

“तापू नये म्हणून. पंधरा वर्षं तिथंच लावतोय.”

“त्याच झाडानं नाक दाबलंय तिचं.”

“तरी बायको म्हणत होती, हवेला पाल्याचा वास येतोय. मीच म्हटलं, तुला गाडीतलं काय कळतंय!”

“मग गॅसऐवजी काकूंचं ऐकायचं होतं.”

“आज दुपारी दवाखान्यातून घरी आणायचंय तिला. हृदयाचं ऑपरेशन झालंय. गारव्यातून नेईन, असा शब्द दिलाय.”

“नवा फिल्टर बसवला. इथं हात धरा.”

“अरे वा! थंडगार!”

“आता काकूंना काय सांगणार?”

“तुझंच खरं होतं, हेच. टाके दुखेपर्यंत हसेल बघा.”

माझी माळ पूर्ण झाली, तेव्हा मागच्या सीटवर उशी नीट ठेवून ते गाडी हळूच फाटकाबाहेर काढत होते.