नववी खुंटी

(न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरचं मिशन. पारातेने नावाचा माओरी सरदार नुकताच वारला. त्याची म्हातारी बहीण रिपेका, गावची सुईण, पाद्री थॉर्लींच्या ओसरीवर लाकडी खुंट्यांचा भारा टाकून बसली आहे.)

पाद्री : रिपेकाबाई, अहो, या मोजणीवाल्यांच्या खुंट्या! कुणी उपटल्या?

रिपेका : मी. आमच्या रताळ्यांच्या शेतात ठोकल्या होत्या मेल्यांनी. घे, चुलीला बऱ्या आहेत.

पाद्री : हसण्यावारी नेऊ नका. शिपाई येतील. ती जमीन विकली गेली आहे. कागदावर तुमच्या भावाची खूण आहे.

रिपेका : खूण कसली? तोंडावरच्या गोंदणाची एकेक रेघ काढली होती पारातेनेने. अख्खा चेहराच दिला त्याने. आणि कागद वाचून कुणी दाखवला?

पाद्री : मी.

रिपेका : काय वाचलंस?

पाद्री : की गोरे लोक इथे राहतील, घरं बांधतील, पेरणी करतील...

रिपेका : मग राहा म्हणालो आम्ही. पाहुण्याला जमीन द्यायची, तो गेला की ती परत घरच्यांची. आमच्यात असंच असतं. तुला ठाऊक नव्हतं?

पाद्री : नऊ वर्षं झाली होती मला इथे. ठाऊक होतं.

रिपेका : मग?

पाद्री : शेवटची ओळ मी वाचलीच नाही. 'कायमची, वंशपरंपरा' अशी होती. वाचली असती तर पारातेने उठून गेले असते. मला वाटलं, कायद्याची माणसं आली की दारू आणि बंदुका विकणारे पळतील. तुमचं भलं होईल.

रिपेका : झालं की! दारूवाला तिथेच आहे. उठतोय आम्ही.

पाद्री : मला लाज वाटते हो.

रिपेका : इथे माझ्यापुढे नको. सोमवारी जमिनीची चौकशी करणारा साहेब येतोय, त्याच्यापुढे चल आणि ती ओळ सांग.

पाद्री : सांगितली तर मिशन मला काढून टाकेल. या वयात, बायकोचं थडगं इथे सोडून कुठे जाऊ मी?

रिपेका : बघ, मीही हेच विचारायला आले होते.

पाद्री : थोडा वेळ द्या. प्रार्थना करतो.

रिपेका : कर बाबा. या आठ आणल्यात. नववी तिथेच आहे, कराकाच्या झाडाखाली.

पाद्री : ती का नाही उपटलीत?

रिपेका : त्या झाडाखाली आमच्या सगळ्या पोरांच्या नाळा पुरल्यात. तुझी लेक एलन झाली, तेव्हा तिचीही मीच पुरली. रागावला होतास माझ्यावर. खुंटी नेमकी तिच्या नाळेवर ठोकलीय. ती तुझी तू बघ.