एक काडी कमी

[गच्ची. सकाळ. भावोजी स्टुलावर चढून अँटेनाचे स्क्रू सोडवताहेत. वहिनी खाली स्टूल धरून उभ्या आहेत.]

वहिनी : अहो, आधी खाली उतरा नि चहा घ्या. अँटेना कुठे पळून जात नाही.

भावोजी : स्क्रू गंजलेत, वहिनी. हात लावलाच आहे तर सोडवून टाकतो.

वहिनी : हे गेले तेव्हा उभ्याउभ्या आलात नि उभ्याउभ्या गेलात. आता मी बोलावलं तर आल्या आल्या गच्चीवर. घरात बसायचं नाही असं ठरवून आलात की काय?

भावोजी : तुम्हीच म्हणालात, लेकीकडे राहायला जायच्या आधी हा उतरवून न्या.

वहिनी : म्हणाले. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्याने भंगारात घातला असता. जन्म गेला या माणसाच्या संसारात, पण हा माशाचा काटा करतो काय, ते मला आजवर कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, तुला नाही समजायचं. एवढ्या काड्या कशाला हो?

भावोजी : याला सगळंच ऐकायचं असतं ना. प्रत्येक लहरीची आपली लांबी असते. काडी तिच्या निम्मी असली की ती लहर नीट घेते. लांब लहरीला लांब काडी, आखूड लहरीला आखूड. एकीला सगळं जमत नाही, म्हणून ही उतरंड.

वहिनी : आणि अंदाजपंचे लावल्या?

भावोजी : दादा आणि अंदाजपंचे! पहिली काडी घ्या. दुसरी तिच्या नऊ दशांश. तिसरी दुसरीच्या नऊ दशांश. मधलं अंतरही त्याच मापात कमी होत जातं. सगळ्यांत लांब काडी ठरवते किती लांब लहरी ऐकू येणार, सगळ्यांत आखूड ठरवते किती आखूड. आणि अधेमधे प्रमाण मोडायचं नाही. मोडलं की...

वहिनी : की काय?

भावोजी : दादा चिडतो.

वहिनी : हसू नका, पडाल. आणि याचं तोंड नेहमी त्या पाण्याच्या टाकीकडे का असायचं?

भावोजी : ते तोंड नव्हे, ती पाठ. लांब काड्यांची बाजू मागची. हा ऐकतो लहान टोकाकडून. वायरही तिथेच जोडतात.

वहिनी : घ्या. एवढी वर्षं मी उलटंच समजत होते.

भावोजी : आमच्या अँटेनाच्या वर्कशॉपमध्ये नवीन आलेले सगळेच तसं समजायचे.

वहिनी : वर्कशॉपचं नाव काढलंत म्हणून विचारते. त्या दिवशी नेमकं झालं काय होतं? हे कधी धड बोलले नाहीत.

भावोजी : एका गिऱ्हाइकाला आटोपशीर अँटेना हवा होता. मी काड्या कमी केल्या, प्रमाण सैल सोडलं. चालत होता तो. गिऱ्हाईक खूश होतं. दादा म्हणाला, नुसतं चालणं आणि बरोबर असणं यातला फरक तुला जन्मात कळणार नाही. सगळ्या कामगारांसमोर म्हणाला.

वहिनी : आणि तुम्ही बिऱ्हाडच उचललंत. धाकटी माझ्या गळ्यात पडून रडली होती. दोघी जावा आम्ही, पण एका आईच्या असल्यासारख्या... कुठे बघताय?

भावोजी : इथली एक काडी नाहीये.

वहिनी : ठाऊक आहे मला. तुमचा सामानाचा टेम्पो कोपऱ्यावरून वळला नाही तोच हे पाना घेऊन गच्चीवर आले. ती काढली, दांड्याच्या दोन बाजूंची तिची दोन अर्धी हातात घेऊन खाली आले नि म्हणाले, आता त्याचा आवाज या घरात येणार नाही. तुम्ही परगावी असलात की दोघं भाऊ सकाळी रेडिओवर, त्या ऐकायच्या-बोलायच्या सेटवर, बोलायचात ना, त्याची काडी ती. दोन्ही अर्धी त्या टोमॅटोच्या कुंडीत आहेत बघा. रोपाला आधार म्हणून मीच खोचली.

भावोजी : लांबीवरून तीच वाटते.

वहिनी : मनाला लावून घेऊ नका. मला तर त्या काडीचं उलट बरंच वाटतं.

भावोजी : बरं कसलं?

वहिनी : धाकटी अंथरुणाला खिळली होती तेव्हा तुम्ही रोज सकाळी रेडिओवरून ह्यांना हाका मारत होतात. तुमच्या शेजारणीने मला मागाहून सांगितलं. खरं ना?

भावोजी : खरं आहे.

वहिनी : सरळ फोन का नाही केलात?

भावोजी : फोन केला असता तर मदत मागितल्यासारखं झालं असतं. रेडिओवर कसं, आम्ही पूर्वी बोलायचोच. ऐकलं तर ऐकलं.

वहिनी : तेच म्हणते मी. ह्यांना ऐकूच गेलं नाही. काडी होती कुठे? ऐकून न ऐकल्यासारखं केलं असं नव्हे. तेवढ्यावर मी तग धरून आहे, भावोजी. भावाची बायको मरणाच्या दारात आहे हे ऐकून जो घरात बसून राहिला, त्याच्यासाठी मी वर्षभर टिपं गाळतेय, असं व्हायला नको मला.

भावोजी : हं.

वहिनी : हं काय? काडी नाही म्हणजे आवाज नाही. बरोबर ना?

भावोजी : तो पाना द्या जरा.

वहिनी : पाना तुमच्या हातात आहे.

भावोजी : हो, बरोबर. काडी नाही म्हणजे आवाज नाही.

वहिनी : मी या घरात आले तेव्हा तुम्ही हाफपँटीत होतात. खोटं बोलताना तुमची मान वर होत नाही, तेव्हाही होत नव्हती. खरं सांगा.

भावोजी : कशाला, वहिनी? राहू दे ना.

वहिनी : सांगा म्हणते ना.

भावोजी : कुठलीही लहर एकटी काडी घेत नाही. जिची लांबी जुळते ती, आणि तिच्या आजूबाजूच्या तीन-चार, अशा मिळून घेतात. बाकीच्या तेव्हा गप्प. लहर बदलली की काम पुढच्या काड्यांकडे सरकतं. एक काढली तर आवाज थोडा मंद होतो, बंद होत नाही. मी केलेल्या अँटेनातली एक काढली असती तर तो तिथे जवळजवळ बहिराच झाला असता. दादाच्या काड्या दाट. शेजारच्या सांभाळून घेतात.

वहिनी : ह्यांना ठाऊक होतं हे?

भावोजी : त्यानेच शिकवलं मला.

वहिनी : म्हणजे ऐकलं त्यांनी.

भावोजी : सेट चालू असेल तर.

वहिनी : रोज सकाळी चालू असायचा. कानाला हेडफोन, पुढ्यातला चहा गार. कोण बोलतंय विचारलं तर म्हणायचे, कुणी नाही, नुसती खरखर आहे.

भावोजी : उतरतो मी.

वहिनी : सावकाश. बसा इथे कठड्याला टेकून. एक सांगायचं राहिलंय, मला तेव्हा त्याचा अर्थच लागला नव्हता. त्या दिवसांत एका सकाळी हेडफोन काढून हे उठले, चांगला शर्ट चढवला, बूट घातले, बॅग घेतली नि दाराजवळच्या खुर्चीत बसले. कुठे निघालात म्हटलं, तर बॅग मांडीवर ओढून घेतली. माझा स्वयंपाक झाला, कपडे वाळत घालून झाले, तरी बसलेलेच. दुपारी उठले, बूट काढून जागेवर ठेवले, जेवायला नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी म्हटलं, वयाने डोकं फिरलं यांचं.

भावोजी : किती दिवस चाललं हे?

वहिनी : धाकटीची बातमी येईपर्यंत. मग मी एकटीच आले तुमच्याकडे. हे म्हणाले, पाय दुखतोय.

भावोजी : पाय दुखतोय, हे तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत. मी खरं मानलं होतं.

वहिनी : मीही मानलं होतं. आता इतका राग येतोय मला त्यांचा, आणि काढायचा कुणावर? भिंतींवर?

भावोजी : मला येत नाहीये. यायला हवा खरं तर. नुसतं रिकामं रिकामं वाटतंय.

वहिनी : ह्यांचं राहू दे बाजूला. मला का नाही फोन केलात? माझ्याकडे मागायला तुम्हाला कसला आलाय कमीपणा?

भावोजी : तुम्ही लगेच आल्या असतात, वहिनी. मला तो यायला हवा होता.