शेपटाला टर्बो

हसायचं तर आधी हसून घ्या, पण माझ्या जुन्या स्पोर्ट्स गाडीला मी टर्बो बसवली, ती डिकीखाली. त्याच गाडीतून रोज काटेवाडीहून बारामतीला दूध घालायचो. बॉनेटखाली लिंबू ठेवायला जागा नव्हती. म्हणून ट्रकची जुनी टर्बो सायलेन्सरजवळ टांगून तिची हवा पाइपानं पुढं इंजिनात सोडायची, असा बेत केला.

चुलते तात्या म्हणाले, "आरं, फुंकणी चुलीच्या तोंडाला लावत्यात, बुडाला न्हाय!"

"एसटीच्या आधी इंदापूर गाठून दावतो, तात्या."

"न्हाय गाठलंस तर ह्या गाडीत मी कोंबड्या कोंडणार."

"कबूल!"

तात्यांना शेजारी बसवून एसटीबरोबरच निघालो. थोड्याच वेळात कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता अडवला. हॉर्नला कोण विचारतंय!

"खुराडं झालं म्हण," तात्या खूश.

मी जागेवरच ॲक्सिलरेटर दाबला. मागून टर्बोनं अशी शिट्टी घातली, की थेट कारखान्याचा भोंगा! भोंगा झाला की जू सुटतं, वैरण पडते, एवढं त्या बैलांना पाठ. साऱ्या जोड्या आपणहून कडेला जाऊन उभ्या! गाडीवान ओरडतायत आणि आम्ही मधून सुसाट. शिट्टी लांब गेली तसे बैल परत रस्त्यावर आले, एसटी त्यांच्या मागंच राहिली.

इंदापूर स्टँडवर आमचा चहा झाला तरी एसटीचा पत्ता नव्हता. तात्या डिकीखाली वाकून बघत होते.

"मग, कोंबड्या कधी आणताय?"

"कोंबड्या ऱ्हाऊ दे. ही फुंकणी माझ्या बैलगाडीला बसव. फुडं बैल हाईत, पर मागं जागा मोकळी हाय!"