कोपऱ्यातली चिमणी

चिमणी? कसली चिमणी? – छे छे, तुमचा काहीतरी घोळ होतोय. चित्रं सगळी मुलीनेच काढलीत. पाचशेच्या पाचशे, स्वतःच्या हाताने. मी फक्त पाकिटांवर पत्ते लिहिले – आत या, दारात नको, समोरच्या बाईंचा दरवाजा सदा अर्धा उघडा असतो आणि कान पूर्ण. त्या खुर्चीवर नका बसू, तिथे ब्रश वाळत घातलेत. म्हणजे – कपाट रंगवतोय मी. हो, एवढ्याशा बारीक ब्रशने. हौस असते एकेकाची. स्टुलावर बसा, हेल्मेट ठेवा खाली. आणि ते पाकीट नका काढू बाहेर, मला ठाऊक आहे आत काय आहे, मीच चिकटवलंय ते. चिऊ घरी नाही. चिऊ म्हणजे आमची मुलगी हो, तुमची चित्रकार. मनगटाचा पट्टा आज निघणार, डॉक्टरांकडे गेलीय, साडेपाचपर्यंत येईल. आत्ता किती वाजले? पाच. म्हणजे तुमचा राग शांत व्हायला अर्धा तास आहे. पाणी देतो.

हे घ्या. तुम्ही पहिल्यापासूनचे वाचक का? वा. मी नाही. मी आपला पाट्या रंगवणारा माणूस, चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या – आणि ही मुलगी एक दिवस सांगते, बाबा, मी फोनवर कॉमिक सुरू केलंय. कशावर? तर पालीवर! एका ऑफिसातली पाल, भिंतीवरच्या घड्याळामागे राहते, आणि साहेब थाप मारायला लागले की चुकचुकते. संपलं. दर गुरुवारी चार चौकटी. मी म्हटलं, कोण वाचणार हे? तर झाले की हजार वाचक! तेव्हा तिने आभाराचं चित्र टाकलं – पाल वाचकांना साष्टांग नमस्कार घालतेय. आता पाल तशीही जन्मभर पालथीच असते, पण लोकांना बरोबर कळलं. पाच हजार झाले तेव्हा पालीची शेपूट तुटते असं दाखवलं आणि वाचकांना सांगितलं, शेपटीचं बारसं तुम्ही करा. अकराशे नावं आली! शेवटी ठरलं ‘राजीनामा’ – कारण पडली ती थेट साहेबांच्या टेबलावर. तुम्ही सुचवलंत काय? नाही? तुमचं कुठलं होतं? – ‘शेपटी’? शेपटीचं नाव ‘शेपटी’. हं. बरं.

मग झाले दहा हजार. आणि आनंदाच्या भरात ही बसली लिहून – जे पहिले पाचशे वाचक फोटो पाठवतील, त्यांचं प्रत्येकाचं चित्र मी हाताने कार्डावर काढीन, डोक्यावर पाल बसवून, आणि टपालाने घरी पाठवीन. पाचशे! अहो, मी तिला तेव्हाच म्हटलं, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तर म्हणते, बाबा, ज्यांच्यामुळे आपण आहोत त्यांचे आभार काय झेरॉक्स काढून मानायचे? आणि बसली काढायला. एक कार्ड काढायला तिला अडीच तास लागतात – नाक पुसते, परत काढते, पालीचा डोळा तीनदा बदलते. सदतीस कार्डं झाली आणि मनगट जे धरलं ते चहाचा कपसुद्धा उचलेना. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे पट्टा, चित्र बंद, पेन बंद, फोनही बंद, अंगठा हलवायचाच नाही. रडली हो. दुखलं म्हणून नाही – शब्द दिला होता म्हणून. मग मला म्हणाली, बाबा, तुमचं अक्षर चांगलं आहे, ही सदतीस पाठवून द्या आणि बाकीच्यांना माझ्या वतीने चार ओळींचं माफीपत्र लिहा.

लिहिली ना. दोन लिहिली. तिसरं लिहायला घेतलं, शेजारी त्या वाचकाचा फोटो पडलेला, चांगला हसरा माणूस – आणि हाताने आपोआप त्याचे दात काढले. म्हणजे चित्रात. कारण कसंय, दाताच्या दवाखान्याच्या पाट्या मी चौदा रंगवल्यात, तो हसरा चेहरा मी झोपेतही काढू शकतो. म्हटलं, अरे, जमतंय की! ती दोन माफीपत्रं फाडली आणि –

आता बघा, बोलता बोलता निघून गेलं तोंडातून. जाऊ दे. तुम्हाला चिमणी दिसलीच आहे, तर झाकून काय उपयोग? हो, बाकीची मी काढली. चारशे त्रेसष्ट. रोज अकरा-बारा, ती आतल्या खोलीत पडलेली असायची आणि मी इथे पत्ते लिहितोय असं सांगून. फसवणूक म्हणा हवं तर. पण मन लावून केली हो, अगदी मन लावून!

आता खरं सांगायचं तर मला पाचच चेहरे येतात. दाताच्या दवाखान्याचा हसरा, सलूनचा मिशीवाला, चष्म्याच्या दुकानाचा, शिवणवर्गाची बाई, आणि इस्पितळातला ओठांवर बोट ठेवलेला – ‘शांतता राखा’. बस्स. या पाचांत मी चारशे त्रेसष्ट वाचक बसवले. फोटो बघायचा आणि ठरवायचं, हा सलून, ही शिवण. तुम्हाला काय दिलं होतं? चष्मा नसताना चष्मेवाला गेला असेल तर माफ करा, एका दुपारी गठ्ठे एकमेकांत मिसळले. एका आजींना सलूनवाला गेला हो, मिशीसकट! मी दोन दिवस जेवलो नाही. तर त्यांचा उलटा निरोप – ‘माझ्या धाकट्या भावाची आठवण करून दिलीत, डोळे भरून आले.’ आणि पहिल्या अकरा कार्डांवर सवयीने खाली लिहून गेलो, ‘आमची कोठेही शाखा नाही’. पाकिटं पेटीत टाकली आणि मग लक्षात आलं. त्या पेटीत हात घालायला गेलो तर पोस्टातली बाई माझ्याकडे अशी बघायला लागली! पण सांगू का – अकराच्या अकरा जणांनी कौतुक कळवलं. एकाने लिहिलं, ‘माझ्यासारखा मीच, हे इतक्या कमी शब्दांत आजवर कुणी सांगितलं नव्हतं.’

आता खरी पंचाईत ऐका. तिला फोन बंद, म्हणून लोकांचे निरोप मीच वाचून दाखवतो. म्हणजे, जेवढे योग्य तेवढे. ‘खूप आवडलं, मनापासून आभार’ – वाचलं. ती म्हणते, बाबा, माफीपत्र आवडलं त्यांना? मी म्हटलं, हो. दुसरा, ‘फ्रेम करून बैठकीत लावलंय.’ माफीपत्र फ्रेम केलं? मी म्हटलं, अगं, अक्षर चांगलं आहे. तिच्या डोळ्यांना धार लागली – बाबा, मी शब्द मोडला आणि ही माणसं मला दुवा देतायत, केवढ्या मोठ्या मनाची आहेत! आता सांगा, अशा वेळी कुठल्या तोंडाने सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू करत सहा आठवडे गेले. आज पट्टा निघतोय. संध्याकाळी ती फोन हातात घेणार. आणि माझं सगळं बिंग फुटणार.

मला तिच्या रागाची भीती नाही, राग काय, येतो आणि जातो. तिला लाज वाटेल, त्याची भीती आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या एका पालीला मी जरा सावली देऊ का म्हटलं, तर हसत म्हणाली, ‘नको बाबा, तुमचा हात पाटीचा आहे.’ सहज म्हणाली हो, मनात काही नव्हतं. पण लागलं. पाटीचा हात तर पाटीचा हात, त्याच हाताने तिची फी – नाही, ते राहू दे, ते बोलायचं नाही असं ठरवलंय मी. सांगायचं हे, की आता तिच्या नावावर चारशे त्रेसष्ट पाट्या लोकांच्या बैठकीत लटकल्यात.

चिमणी? ती सही आहे माझी. पाटी रंगवणारा कोपऱ्यात आपली काहीतरी खूण सोडतो, मी चिमणी काढतो – दोन फटके पंखांचे, एक शेपटीचा, एक ठिपका डोळ्याचा. इतकी वर्षं हात पाटीवरून उचलायच्या आधी चिमणी काढूनच उचललाय, तो कार्डावर बरा थांबेल! आधी नव्हती हो. चिऊचा जन्म झाला त्या आठवड्यात एका बेकरीची पाटी रंगवत होतो, रात्रभर पोर रडलेली, मी अर्धा झोपेत, आणि कोपऱ्यात नाव लिहायचं सोडून चिमणीच काढून बसलो. मग तीच राहिली. लहानपणी शाळेत जाताना ती रस्त्यावरच्या पाट्यांवरच्या माझ्या चिमण्या मोजायची, माझं बोट धरून, सतरा व्हायच्या. पुढे छापील पाट्या आल्या, एकेक करत चिमण्या उतरल्या. आता बेकरीची तेवढी आहे. तिचाही एक पंख उडालाय.

ऐका, तुमचं म्हणणं रास्त आहे, तुम्हाला मुलीच्या हातचं हवं होतं आणि मिळालं माझ्या हातचं. तुम्ही हे कुठे लिहू नका एवढीच – फोन कसला दाखवता? थांबा, चष्मा लावतो. हं… हे काय, सगळ्यांनी कार्डांचे फोटो टाकलेत होय? चिमणी… चिमणी… ही पण चिमणी. मिशीवाल्या आजीही आहेत! आणि हे काय लिहिलंय खाली – ‘मी चिमणीवाला’? ‘आम्ही चिमणीवाले’? अहो, यांनी तर टोळी केलीय! म्हणजे ही माणसं चिडलेली नाहीत? – मग तुम्ही का चिडलात?

तुमच्यात नाही? काय नाही? चिमणी नाही? कसं शक्य आहे, माझ्या हातून एकही सुटलेली – दाखवा. काढा ते पाकीट. अहो, मघाशी नको म्हटलं ते मघाशी, आता म्हणतोय ना, काढा!

…

हे माझं नाही.

हे माझं नाही हो. हा तुमचाच चेहरा आहे. ही डाव्या गालावरची खळी, ही भुवई जरा वर – दाताच्या दवाखान्यात नसते अशी भुवई. आणि पाल बघा. बसलीय कशी, आता उठेल आणि कानामागून जाईल. आणि इथे, शेपटीशी, रेघ थरथरलीय, दिसली? मागे बघू, ती आकडा घालते – सदतीस. सदतिसावं. इथे तिचं मनगट गेलं. अहो, तुमच्याकडे अस्सल आहे! पाचशेत सदतीस लोकांनाच मिळालंय असलं, आणि तुम्ही ते घेऊन गावभर नकली म्हणून ओरडायला निघालात, आणि कशासाठी? तर माझ्या चिमणीसाठी?

काढून द्या म्हणता? यावर? नाही. ते होणार नाही. तुम्ही कितीही स्टूल अडवून बसा. लोकांच्या कार्डांवर काढली ती सवय होती, पण तिच्या चित्रावर माझी सही? पाटीचा का असेना, पण एवढं कळतं या हाताला. हवं तर तुम्हाला वेगळा सलूनवाला काढून देतो, पाच मिनिटांत, मिशी मोठी देतो – तुम्ही माझ्याकडे बघा ना, सारखं मागे काय बघताय? दार तुम्ही लावलं नव्हतंत का –

चिऊ.

लवकर आलीस. निघाला पट्टा? बघू… हलतंय ना? हे वाचक आहेत तुझे. सहज आले होते. मी यांना कपाटाविषयी सांगत होतो. – केव्हापासून उभी आहेस? बेकरीपासून? बेकरीच्या आधीपासून? माफीपत्रापासून! मग मध्येच बोलायचं नाही का, बाप इथे बडबडतोय आणि… अगं, रडू नको, परक्या माणसासमोर. मी सांगणार होतो. तुला लाज वाटली असेल तर उद्या सगळ्यांना लिहितो, अक्षर चांगलं आहे माझं, चारशे त्रेसष्ट माफीपत्रं – काय घेतेस? तो ब्रश कशाला? अगं, डॉक्टरांनी लगेच परवानगी – कार्ड कशाला घेतेस त्यांचं? चिऊ, त्यावर काही काढू नको, ते सदतिसावं आहे –

पंख… दुसरा पंख. हं. बरोबर. हात हलका ठेव, हलका. तुला आठवते? – अगं पण शेपूट! शेपूट कुठे चाललीय तुझी? इतकी लांब? चिमणीला पालीची शेपूट असते का कधी? हसतेय काय! इतक्या वर्षांची सही माझी…

असू दे. पुसू नको. असू दे म्हणतो ना.

अहो, आणि तुम्ही काय बघत बसलात? मिळाली ना चिमणी? वाळेपर्यंत बोट लावू नका. हेल्मेट घ्या. आणि जाताना दार नीट ओढून घ्या, समोरच्या बाई उभ्या असतील. या आता.