नटावरची खूण

बाबा: तो जाडा बार खाली ठेव.

मुलगी: खाली ठेवायला नाही आणला. गाडीला घालायला आणलाय. मागे.

बाबा: मागे? डोकं ठिकाणावर आहे का? पुढचा आहे तसाच, आणि मागे हा सोटा? वळणावर शेपूट सुटली की गाडी कुठे तोंड करून उभी राहील, देवालाच माहीत.

मुलगी: आणि मागचा स्वे बार, गाडीला कलू न देणारा, बारीक ठेवला की काय होतं, तेही सांगा ना.

बाबा: काय व्हायचंय? गाडी थोडी कलते. नाक जरा बाहेर जातं. माणूस घरी येतो.

मुलगी: सगळ्यांच्या मागून येतो. मान खाली घालून येतो. लोक पाठीमागे म्हणतात, बापाचं गॅरेज आहे म्हणून हिला गाडी मिळाली.

बाबा: लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार.

मुलगी: उद्याच्या शर्यतीत मी पहिल्या तिघांत आले नाही, तर शेठ माझी सीट त्यांच्या भाच्याला देणार. तुमच्यासमोर बोलले ते. तुम्ही मूग गिळून बसला होतात.

बाबा: मग काय भांडू त्यांच्याशी? गाडी त्यांची आहे. आण तो बार इकडे. जुनाच बरा आहे.

मुलगी: जुना बरा आहे? या, वाका जरा. हा जुना बार बघा. आतल्या होलापाशी काय दिसतंय?

बाबा: लाल काहीतरी लागलंय.

मुलगी: नेलपॉलिश. मागच्या शर्यतीआधी मी बार चाकाला जोडणारी लिंक आतल्या होलात घातली. सगळ्यात कडक. नट आवळला, आणि नटावरून बारवर सरळ रेघ ओढली. शर्यत संपल्यावर वाकून पाहिलं. अर्धी रेघ आतल्या होलापाशी तशीच, आणि अर्धी घेऊन नट बसलाय बाहेरच्या होलात. सगळ्यात मऊ. गॅरेजची किल्ली दोघांकडेच आहे. नट स्वतः चालत गेला का?

बाबा: मी हलवला.

मुलगी: एकदाच?

बाबा: नाही.

मुलगी: किती वेळा?

बाबा: प्रत्येक वेळी. आणि पुन्हा हलवीन. बारीक डोळे करून बघू नकोस माझ्याकडे. तू कडक करायचीस, मी मऊ करायचो. कितीतरी गाड्या आपटल्या, तुझी आपटली नाही. कुणामुळे?

मुलगी: केसाने गळा कापलात, बाबा! मला वाटत होतं माझ्याच हातात काही नाही. आरशासमोर बसून नुसती खुर्ची धरून वळणं घ्यायची मी. वाटायचं, स्टिअरिंग उशिरा फिरवते, ब्रेक लवकर मारते. आईला म्हणाले होते, सोडून देते हे सगळं. तुम्ही शेजारच्या खोलीत होतात. ऐकत होतात ना?

बाबा: ऐकलं.

मुलगी: आणि?

बाबा: बरं वाटलं.

मुलगी: शाब्बास.

बाबा: हो, बरं वाटलं! माझा गुडघा बघितलायस ना? मी शर्यतीत उतरायचो तेव्हा मागे असाच जाडा बार घातला होता. मोठ्या ऐटीत. शेपूट सुटली आणि भिंत आली. तू दवाखान्याच्या पायरीवर बसली होतीस, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. मी स्ट्रेचरवरून बघितलं तुला. त्यानंतर मी नाही चालवली गाडी.

मुलगी: गुडघा तुमचा मोडला आणि लंगडत मी चालायचं? हा कुठला न्याय?

बाबा: तुझ्या अंगात एक खोड आहे, म्हणून. वळणाच्या मध्यावर घाबरतेस आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलतेस. मी कठड्याला उभा राहून आवाज ऐकतो. इंजिन एकदम गप्प होतं. मागे कडक बार असताना वळणात पाय उचलला की सगळं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात, आणि गाडी गर्रकन फिरते. आता घाल तुझा जाडा बार.

मुलगी: मी घाबरून पाय उचलते?

बाबा: मग कशाला उचलतेस?

मुलगी: नाक बाहेर जातं म्हणून! गाडी वळतच नाही, बाबा. स्टिअरिंग फिरवलं तरी सरळ कठड्याकडे निघते. पाय उचलला की नाक आत येतं, म्हणून उचलते. दुसरा काही इलाजच नव्हता. ती खोड माझी नाही. तुम्ही मऊ केलेल्या गाडीने लावली ती मला.

बाबा: मग तर उद्या हा बार घालूच नकोस. पायाला लागलेली सवय एका दिवसात सुटत नाही.

मुलगी: घालणार. (गाडीखाली शिरून जुना बार काढते, जाडा बसवते.)

बाबा: मग आतल्या होलात नको. मधल्यात घाल. शेपूट फिरेल, पण आधी सांगेल. आतल्यात सांगायला वेळ देणार नाही.

मुलगी: हे खरं आहे, की पुन्हा माझ्या डोळ्यांत धूळ?

बाबा: खरं आहे.

मुलगी: मग हेच आधी तोंडाने सांगता येत नव्हतं?

बाबा: तू ऐकलं नसतंस.

मुलगी: नसतं ऐकलं. पण मी कुठली गाडी चालवतेय, एवढं तरी मला माहीत असतं.

बाबा: पाना ठेव. गाडी जॅकवर लटकलेली असताना लिंक आवळतात का? खाली घे आधी. खालून काम करायच्या खड्ड्यावर लाव.

मुलगी: मी करीन माझं.

बाबा: एकटीने होणार नाही. चालवणारा सीटवर बसून त्याचं वजन पडलं पाहिजे, तेव्हा खालून लिंकची लांबी जुळवायची. नाहीतर बार आधीच पिळलेला राहतो. डावीकडे एक वळेल, उजवीकडे दुसरंच. तू एकाच वेळी सीटवर आणि खड्ड्यात कशी असशील?

मुलगी: दुसऱ्या कुणाला बोलावते.

बाबा: बोलाव. सगळे ट्रॅकवर गेलेत.

मुलगी: तुमच्या हातात तो नट द्यायचा म्हणजे...

बाबा: मग देऊ नकोस. जुन्या बारवर जा. मला काय, आनंदच आहे.

मुलगी: उतरा खड्ड्यात.

(मुलगी गाडीत बसते. बाबा गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी खड्ड्यात उतरतात. पुढचं बोलणं गाडीच्या वरून आणि खालून.)

बाबा: हेल्मेट घातलंस?

मुलगी: आता कशाला?

बाबा: त्याचंही वजन असतं. घाल. हात स्टिअरिंगवर. अंग सैल सोड. कितव्या होलात?

मुलगी: मधल्या.

बाबा: मधल्या. डावी झाली. हाताने फिरतेय, कुठे ताण नाही. हलू नकोस. उजवी... झाली. आवळतो.

मुलगी: उतरल्यावर खाली येऊन बघणार आहे मी.

बाबा: बघ.

मुलगी: दोन्ही नटांवर खूण करणार. आणि गॅरेजची तुमची किल्ली आज माझ्याकडे राहील.

बाबा: खिशात आहे. वर आलो की घे.

मुलगी: उद्या कठड्याला उभे राहू नका. तुम्ही दिसलात की माझं लक्ष जातं.

बाबा: बरं. मागे पार्किंगमध्ये थांबतो. आवाज तिथेही येतो.

मुलगी: झालं का?

बाबा: झालं. उतर. आणि ऐक...

मुलगी: काय?

बाबा: नाक आत येईल आता. पाय उचलू नकोस.