काका आले तर उघडं

बाहेर वादळ सुटलं होतं. समुपदेशक मॅडमच्या बाहेरच्या खोलीत साडेचारचे काका निथळत बसले होते. कोणालाच नाही म्हणता येत नाही, म्हणून वर्षभर दर मंगळवारी ते इथे येत. आतलं दार अर्धवट उघडं होतं. मॅडम मदतनीस ताईंना पाटी सांगत होत्या.

“लिहा, हवामान खराब असल्यास दवाखाना बंद.”

“खराब आहे हे कोण ठरवणार?”

“पेशंट ठरवतील.”

“अहो, अकराच्या बाईंना एवढासा ढग दिसला तरी जग बुडतं. आणि बाराच्या गुरुजींना भर उन्हात अंधारून येतं.”

“मग तुम्ही ठरवा.”

“मी छत्रीसुद्धा नवऱ्याला विचारून घेते. तुम्हीच ठरवा.”

“मला तर रोजच बंद ठेवावंसं वाटतं, ताई.”

“मग साडेचारच्या काकांवर सोडू. ते आले तर उघडं, नाही आले तर बंद.”

“पण अकराच्या बाईंना ते आधी कळणार कसं?”

“काकांना साडेदहाला बोलवायचं. रोज.”

“रोज?”

“हवामान काय फक्त मंगळवारी असतं?”

मॅडमनी दारातून डोकं बाहेर काढलं. “काका, ऐकलंत ना? जमेल?”

बाहेर कडकडून फांदी मोडली आणि काकांच्या स्कूटरवर पडली. काका उठून उभे राहिले.

“नाही!”

ताईंच्या हातातला खडू गळून पडला. मॅडमचे डोळे भरून आले. “काका! पुन्हा म्हणा!”

“नाही, म्हणजे... साडेदहा म्हणजे फार उशीर होईल हो. मी दहालाच येतो.”